पंप बदलण्याआधी : जुन्या गाडीच्या इंधनमार्गाची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत जुन्या गाड्यांच्या पेट्रोल-डिझेलच्या तक्रारी जास्त आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखंच आलंय : ‘मेकॅनिक म्हणतो, पंप बदला.’ पंप खराब होतो, त्यात शंका नाही. पण टाकीच्या झाकणापासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत इंधन अडायच्या, गळायच्या किंवा हवा घ्यायच्या जागा पुष्कळ आहेत, आणि स्टिअरिंगमागे बसलेल्याला त्यातल्या निम्म्या सारख्याच जाणवतात. म्हणून खालच्या उत्तरांत नव्या पार्टपेक्षा तपासायच्या क्रमावर भर आहे.

आधी सुरक्षेचं. पेट्रोलचं काम उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नको. नळी सोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. ज्या तपासणीत नळी सोडून सेल्फ मारावा लागतो तिथे ते जोडलेलं राहणार, तेव्हा कॉइलचं कनेक्शन काढा. उजेडाला जुना बल्बचा ट्रबल लाइट वापरू नका, तो फुटला की संपलं. एलईडीची बॅटरी वापरा. आणि ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

प्रश्न : माझी १९९७ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची. शहरात, गंगापूर धरणापर्यंतसुद्धा, काही त्रास नाही. पण एप्रिल-मेमध्ये मुंबईहून परतताना कसारा घाटात हमखास बंद पडते. अर्धा तास थांबलं की चालू होते. पेट्रोल पंप दोनदा बदलला, कॉइल बदलली. पंपावर ओलं फडकं टाकलं की कधी कधी लगेच चालू होते, कधी होत नाही. — एक वाचक, पंचवटी

उत्तर : गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, या एकाच लक्षणाची चार वेगळी कारणं असू शकतात : पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होणं, टाकीचं झाकण हवा आत न घेणं, टाकीतल्या जाळीवर कचरा बसणं आणि कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल तापून स्पार्क जाणं. चौघांनाही अर्ध्या तासाची विश्रांती मानवते, त्यामुळे गाडी गार झाल्यावर गॅरेजमध्ये नेली की कुणालाच काही सापडत नाही. तपासणी घाटातच, गाडी बंद पडल्या क्षणी करायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी सुरक्षित बाजूला घ्या, मागे त्रिकोण लावा आणि पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढल्याचा ‘स्स्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर शोध तिथेच थांबतो. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकला की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण स्वच्छ करून भागतं, नाहीतर नवं घ्या. शेजारच्या दुकानातलं मापाला बसणारं कुठलंही झाकण नको. काही झाकणांना हवेचं छिद्रच नसतं.

आवाज आला नाही, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्याच्या, काचेकडे बघा. मारुतीच्या कार्ब्युरेटरला ही छोटी काच असते आणि इंजिन चालू असताना पेट्रोलची पातळी तिच्यावरच्या गोल खुणेजवळ दिसायला हवी. काच मळलेली असेल तर एअर क्लीनरचं झाकण काढा, इंजिन बंदच ठेवून थ्रॉटलची लिव्हर हाताने झटक्यात ओढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या बारीक नोझलमधून पेट्रोलची धार आली पाहिजे. तुम्ही वाकून बघत असताना दुसऱ्या कुणाला सेल्फ मारू देऊ नका. बॅकफायर झाला तर ज्वाला थेट तोंडावर येते.

धार आली, म्हणजे पेट्रोल पोचलंय. मग दोष इग्निशनचा. एक जादा प्लग गाडीत ठेवत जा. तो वायरला लावून इंजिनच्या धातूवर टेकवा आणि सेल्फ मारा, मात्र त्याआधी एअर क्लीनरचं झाकण परत बसवा. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, असं असेल तर कॉइल, इग्निशन मॉड्यूल आणि डिस्ट्रिब्यूटरचा पिकअप बघायचा. तुमची कॉइल बदलली आहे, पण मॉड्यूलबद्दल पत्रात काही नाही.

धार आली नाही आणि काच रिकामी दिसली, तर मात्र पेट्रोल येत नाही हे नक्की, आणि तुमचं ओलं फडकं कामाचा साक्षीदार ठरतं. फडकं फक्त पंपावर आणि त्याच्या नळ्यांवर ठेवा, डिस्ट्रिब्यूटरवर पाणी जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफ हेच कारण. झाली नाही, तर अडथळा मागे, टाकीकडे आहे. ‘कधी होते, कधी नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून दोन्ही थोडे थोडे असावेत असं आम्हाला वाटतं. जाळी अर्धवट चोंदली की पंपाला जोरात ओढावं लागतं, ओढ वाढली की नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक मुळात ३५-४० अंशांच्या पुढे वाफ व्हायला लागतात. वर मे महिना, भरलेली गाडी, दुसऱ्या गिअरची चढण आणि बॉनेटखाली कमी वारा. पंप नवा असो की जुना, वाफ त्याला ओढता येत नाही.

घरी आल्यावर हा क्रम घ्या.

टाकीकडून पंपाकडे येणारी नळी पंपाशी सोडा आणि टाकीच्या दिशेला तोंडाने किंवा हातपंपाने हलकी हवा मारा. टाकीत बुडबुड्यांचा मोकळा आवाज यायला हवा. कॉम्प्रेसर लावू नका, जाळी फाटते. हवा अडकत जात असेल तर टाकी उतरवून जाळी आणि तळाचा गंज साफ करणं भाग आहे. गाडीची रबरी नळी मूळची असेल, तर ती बाहेरून धडधाकट दिसली तरी बदला. जुन्या नळीचा आतला पापुद्रा सुटतो आणि ओढ बसली की झडपेसारखा मिटतो. हा दोष डोळ्यांना कधीच दिसत नाही.

मग पंप. कार्ब्युरेटरकडची नळी काढून पारदर्शक बाटलीत सोडा, कॉइलचं कनेक्शन काढा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. ठोक्यागणिक भरदार पिचकाऱ्या यायला हव्यात. बुडबुडे मिसळून आले तर ओढण्याच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. क्लिप घट्ट करा. गेज असेल तर या यांत्रिक पंपाचं प्रेशर साधारण ०.२ ते ०.३५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला; पुढेही प्रेशरचा किलो हाच) आसपास दिसतं. त्याहून जास्त असलं तर नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल रोखू शकत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते.

तिसरी गोष्ट रिटर्न नळीची, जी घाईत कायम विसरली जाते. या पंपाला टाकीकडे परत जाणारी एक बारीक नळी असते. तिच्यातून जादा पेट्रोल फिरत राहतं आणि वाफही टाकीत परत जाते. गॅरेजमध्ये कुणीतरी ती नळी स्क्रू घालून बंद केलेली असते, किंवा ती चोंदलेली असते. तिच्यातून हवा मोकळी जाते का ते बघा. शेवटी पंप आणि इंजिन यांच्यामधला जाड, उष्णतारोधक तुकडा. पंप दोनदा बदललाय, म्हणजे तो निघून साधं कागदी गॅस्केट बसलं असण्याची शक्यता बरीच आहे. तो तुकडा नसेल तर सिलिंडर हेडची उष्णता थेट पंपात जाते. शिवाय त्याच्या जाडीवर पंपाच्या लिव्हरचा मारा ठरतो, म्हणून जाडी मूळचीच हवी.

आणखी दोन सूचना. यांत्रिक पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका; पंप आणि ऑइल दोन्ही बदला. दुसरं, वाफेवर उपाय म्हणून इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप कार्ब्युरेटरला लावायचा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून निघा. तो अडीच-तीन किलोचं प्रेशर देतो आणि कार्ब्युरेटर गरम इंजिनवर पेट्रोल ओकायला लागतो.

प्रश्न : २००१ची एस्टीम, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची). सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. चालू झाल्यावर काळा धूर आणि थोडा वेळ मिसिंग, मग ठीक. अ‍ॅव्हरेज १४वरून १०वर आलं. पीयूसी मात्र पास झाली, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.४ टक्के. पंप बदलावा का? — एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. निदान आज तरी नाही. दुबळा पंप पेट्रोल कमी देतो, तुमच्या गाडीला ते जास्त मिळतंय.

पीयूसीचा कागद लोक काचेला चिकटवतात आणि त्यावरचा आकडा वाचत नाहीत, हे आमचं जुनं दुःख. भारत स्टेज-२च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना सीओची मर्यादा ३ टक्के आहे, म्हणून तुमची गाडी पास झाली. पण एमपीएफआय इंजिन नीट असेल तर आयडलिंगला सीओ अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. २.४ म्हणजे मिश्रण चांगलंच रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आहे. उलट सीओ कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) खूप जास्त असता तर मिसफायर किंवा लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण धरलं असतं. पेट्रोलच्या तक्रारीसाठी इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

सकाळी दोन छोटे प्रयोग करा, एक आज, एक उद्या. आज : सेल्फ न मारता चावी ‘ऑन’ करा, पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुंजारव संपू द्या, ‘ऑफ’ करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी लगेच लागली तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय. उद्या : अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजिनच्या बऱ्याच कंप्यूटरमध्ये या स्थितीत सेल्फ मारतानाचं पेट्रोल कमी किंवा बंद होतं. अशी लवकर लागली, तर इंजिन रात्रीतून पेट्रोलने ओलं होतंय. तुमच्याकडे दुसरा प्रयोग यशस्वी होईल, असा आमचा अंदाज.

मग रेलवरच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या, प्रेशर रेग्युलेटरकडे या. त्याच्या डोक्यावरून एक बारीक व्हॅक्यूम नळी इनटेक मॅनिफोल्डला जाते. ती उपसून बघा. आत पेट्रोलचा थेंब किंवा ठसठशीत वास असेल तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय. इंजिन त्या नळीतून हिशेबाबाहेरचं पेट्रोल पितं, बंद झाल्यावरही ते मॅनिफोल्डमध्ये पाझरत राहतं, आणि काळा धूर, अ‍ॅव्हरेज, सकाळचा त्रास या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकदम होतो. रेग्युलेटर, त्याची ओ-रिंग आणि ती नळी बदला. इंजिन ऑइलही बदला, त्यात पेट्रोल उतरलेलं असतं.

नळी कोरडी निघाली तर गेज लावावा लागेल. आधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनचं प्रेशर उतरतं. गेज जोडून झाला की रिले परत लावा. नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दर वेळी नवे वॉशर. या जातीच्या सुझुकी इंजिनांत अपेक्षित आकडे असे : इंजिन बंद, पंप चालू असताना २.७ ते ३.१ किलो, आयडलिंगला, व्हॅक्यूम नळी जोडलेली असताना, २.१ ते २.६, इंजिन बंद केल्यावर एका मिनिटाने २ किलोच्या वर. आयडलिंगलाही तीन किलो दाखवत असेल तर रेग्युलेटर अडकलाय, व्हॅक्यूम नळी फुटलीय किंवा रिटर्न लाइन चेपलीय.

प्रेशर झरझर उतरत असेल तर गळती शोधायची युक्ती सोपी आहे. पंप चालवून प्रेशर भरा, बंद करा आणि लगेच रिटर्नची रबरी नळी जपून चिमटून धरा. प्रेशर टिकलं तर दोष रेग्युलेटरचा. नाही टिकलं, तर पुन्हा भरून येणारी नळी चिमटा. आता टिकलं तर टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह गेलाय, आणि तेव्हा पंप बदलायला आमची हरकत नाही. दोन्ही चिमटूनही उतरतं, तर एखादा इंजेक्टर गळतोय. चारही प्लग काढून बघा. ज्याचं टोक जास्त काळं आणि ओलं, तो सिलिंडर.

प्रेशर सगळीकडे बरोबर असेल तर कंप्यूटरला चुकीची माहिती जातेय. कूलंट तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने मोजा : २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.३च्या आसपास. गरम इंजिनवर तो किलोओहममध्ये आकडा दाखवत असेल, तर कंप्यूटरला इंजिन अजून थंडच वाटतंय आणि तो पेट्रोल ओततोय. सेन्सर चांगला निघाला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघा. ‘गाडी गरम होते’ म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची खोड आपल्याकडे जुनी आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत असं इंजिन शाळा-बाजाराच्या फेरीत कधी पूर्ण तापतच नाही आणि पेट्रोल रिच राहतं.

प्रश्न : २००४ची इंडिका डिझेल, टर्बो नाही. थंडीत सकाळी खूप वेळ सेल्फ मारूनही लागत नाही. लागली की पांढरा धूर आणि खडखड. एकदा गरम झाली की दिवसभर हाफ सेल्फ. नोझल करून घेतले, फरक नाही. — एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडची थंडी म्हणजे डिझेल गाडीची परीक्षाच. पांढरा धूर हे न जळलेलं डिझेल आहे. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जातंय, पेटत नाहीये. पण तुम्ही लिहिलेला धूर शेवटी, इंजिन लागल्यावर येतो. त्याआधी सेल्फ मारत असताना सायलेन्सरमधून काय येतं, ते आधी बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये, लाइनमध्ये हवा आहे. पांढरा धूर येतोय पण इंजिन लागत नाही, तर दोष हीटर प्लगचा (थंड सिलिंडर तापवणाऱ्या) किंवा कॉम्प्रेशनचा.

याला पडताळा द्या. सकाळी पहिल्यांदा फिल्टरवरचा हातपंप तो कडक होईपर्यंत मारा, हीटरचा दिवा विझू द्या आणि सेल्फ मारा. लगेच लागली तर रात्री डिझेल टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. हा प्रयोग दोन सकाळी करा, एकावर विसंबू नका.

हवा कुठून येते ते शोधायला फिल्टर ते रोटरी पंप (इंजेक्टरना डिझेल दाबाने देणारा) यांच्यामधली नळी काढून तिथे तात्पुरती पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी लावा. सकाळी सेल्फ मारताना बुडबुडे दिसले तर हवा फिल्टरच्या अलीकडून, टाकीच्या बाजूने येतेय. ओळीने बघा : फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू आणि त्याची रिंग, हातपंपाचं रबर, बँजोचे तांब्याचे वॉशर, नळ्यांच्या क्लिपा. इंजेक्टरवरच्या रिटर्नच्या बारीक कापडी नळ्याही बघा. त्या कडक होऊन तडकतात, आणि तिथून हवा शिरून रोटरी पंप रात्रीत रिकामा होतो. चार इंजेक्टरच्या नळ्यांचा खर्च किरकोळ आहे, सरळ बदला. इथे डिझेल गळून ओलं दिसेलच असं नाही. ओढण्याच्या बाजूची फट डिझेल बाहेर सोडत नाही, फक्त हवा आत घेते, म्हणून ‘कुठे गळत नाही’ हा पुरावा धरू नका.

हीटर प्लगसाठी त्यांना जोडणारी पट्टी काढा. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडून दुसरं टोक एकेका प्लगला लावा. दिवा लागला नाही तो प्लग मेला. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याखाली दिसतो. चारही चांगले असतील तर पट्टीवर, हीटरच्या वेळी, बॅटरीचा व्होल्टेज येतो का ते मोजा. नाहीतर रिले किंवा मोठा फ्यूज. एक प्लग गेला तर चालतं म्हणून सोडू नका. उन्हाळ्यात तीन प्लगवर गाडी लागते, निफाडच्या जानेवारीत लागत नाही.

हवा नाही, प्लग चारही चालू, तर कॉम्प्रेशन मोजा. या जातीच्या इंजिनला २८-३० किलोच्या आसपास अपेक्षित. २०च्या खाली गेलेल्या इंजिनला नोझल आणि पंप कितीही केले तरी थंडीत लागायचा त्रास राहतो. नोझलचं काम करणाऱ्याकडून त्यांचं ओपनिंग प्रेशर किती ठेवलं ते विचारा. या प्रकारच्या नोझलसाठी साधारण १२० ते १५० किलो धरतात आणि चौघांत फरक फार नको. नोझल बनवणाऱ्या सातपूरच्या मायको (आताच्या बॉश) कारखान्यामुळे नाशिकमध्ये नोझल टेस्ट बेंचवर काम केलेले हात बऱ्यापैकी आहेत, मायको सर्कल हे नाव उगाच पडलेलं नाही. तेव्हा टेस्ट बेंच न लावता ‘नोझल साफ केले’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

एक धोका स्पष्ट सांगतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरचा नट थोडा सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते पाहता येतं; सैल केल्यावर आवाजात फरक पडला नाही, तो मेलेला. पण डोळ्याला चष्मा आणि वर फडकं हवं, आणि हात धारेसमोर कधीच नको. हीच गोष्ट कॉमन रेल गाडीवर (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) करू नका, कधीही. तिथे प्रेशर हजार किलोच्या वर जाऊ शकतं आणि बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

प्रश्न : २००८ची वॅगन आर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. सीएनजीवर मस्त, पेट्रोलवर झटके आणि बंद. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : टाकीत पेट्रोल किती आणि किती जुनं? रिझर्व्हचा दिवा लावून वर्षानुवर्षं चालणाऱ्या सीएनजी गाड्यांची ही ठरलेली तक्रार आहे. टाकीतलं पेट्रोल पंपाला थंड ठेवतं. पातळी तळाला गेली की पंप तापतो आणि झिजतो, विशेषतः किट बसवताना सीएनजीवर पंप बंद करायचा रिले लावला नसेल तर. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर इंजेक्टरच्या टोकावर जमतो तो वेगळाच.

जुनं पेट्रोल काढून टाका, दहा लिटर ताजं भरा, फिल्टर बदला आणि रेलचं प्रेशर मोजा. प्रेशर ठीक असेल तर इंजेक्टर काढून अल्ट्रासोनिकवर साफ करून घ्या आणि चौघांचा फ्लो जुळतो का ते बघा. इंजेक्टरचा रेझिस्टन्स ११ ते १६ ओहमच्या दरम्यान हवा. यापुढे टाकी पावच्या खाली नको आणि रोज पाच-सहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सीएनजीच्या बाजूच्या एकाही नटाला घरी हात लावू नका, सिलिंडरमध्ये २०० किलोचं प्रेशर असतं. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते; प्लेटवरची तारीख आजच बघा.

प्रश्न : १९८६ची प्रीमियर पद्मिनी, हौसेने सांभाळलेली. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून चढाला दमते, आणि गाडीत पेट्रोलचा वास येतो. काय बदलावं? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : वासापासून सुरुवात करू, कारण दमणं सहन होतं, आग होत नाही. वास टाकी फुल केल्यावरच येतो का? तसं असेल तर टाकीच्या तोंडाची जाड नळी, ब्रीदरची नळी किंवा गेजच्या फ्लोटचं गॅस्केट. कायम येत असेल, तर इंजिनकडे या : पंपाचे सांधे, कार्ब्युरेटरचं गॅस्केट, ओव्हरफ्लो. थंड इंजिनवर, पेट्रोल पंपाची हाताची लिव्हर मारून, सांध्यांवर कोरडा पांढरा कागद फिरवा. ओलावा लगेच उमटतो.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. ई२० पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीपासून पंपांवर येऊ लागलं. तुमच्या गाडीतलं रबर आणि कॉर्क त्याच्या विचाराने बनलेलं नाही. सगळ्या नळ्या बदला आणि नळीवरचा छाप वाचून घ्या : ‘एसएई जे३० आर९’ लिहिलेली, फ्लोरोइलास्टोमर अस्तराची. साधी काळी पाण्याची नळी आत सुजते. पंपाचा डायफ्राम, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि नीडल व्हॉल्व्हचं टोकही इथेनॉल चालणाऱ्या साहित्याचं मागा.

दमण्याचं कारण हिशेबात आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत, तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण लीन होतं. शिवाय लिटरमागे ऊर्जाही सहा-सात टक्के कमी. प्लगचं टोक काढून बघा. पांढरट, खडूसारखं असेल तर मेन जेट एक माप मोठा लावा. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात; ११५चा असेल तर १२०. तारेने किंवा ड्रिलने छिद्र वाढवू नका, एकदा बिघडलेला जेट पुन्हा मापात येत नाही. प्लग फिकट तपकिरी असेल तर जेटला हातच लावू नका, टायमिंग आणि टॅपेट बघा.

इथेनॉल टाकीतला जुना चिकट थरही सोडवतं, म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर बघून बदला. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा खेळते, इथेनॉल तिच्यातलं पाणी घेतं, आणि पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा होतो. पंप नेमका तळाचंच ओढतो. असं पेट्रोल हलवून पुन्हा मिसळत नाही, काढूनच टाकावं लागतं.

प्रश्न : पेट्रोलमध्ये टाकायचा इंजेक्टर क्लीनर कामाचा असतो का? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : इंजेक्टरवर हलका थर असेल आणि आयडलिंग किंचित थरथरत असेल, तर एखाददुसऱ्या टाकीला फरक पडतो. बंद पडलेला इंजेक्टर, फाटलेला डायफ्राम आणि चोंदलेला फिल्टर यावर त्याचा काही उपयोग नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर जेट उघडून स्प्रेने साफ करणं आणि कॉम्प्रेसरची हवा मारणं, हेच खरं. बाटलीवर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त ओतू नका, आणि टाकीत गंज असेल तर मुळीच टाकू नका; सुटलेला गंज थेट फिल्टरमध्ये येऊन बसतो.